कालवफोड्या

पहाटे पावणेपाचला अशोक चौकात
मैनुद्दीनची रिक्षा आली, ती आली हे
दिव्याच्या उजेडावरून कळलं मला.
चौतीस वर्षं छत्तीस मागांच्या मध्ये उभा राहिलो,
बारीक आवाज सगळे तिथेच राहिले
शेडच्या पत्र्याखाली.
पक्षी मला दिसतात. बोलत नाहीत.

पुढे रेवणसिद्ध, मांडीवर दुर्बीण
लेकरू धरल्यासारखी.
मागे मी आणि शेजारच्या गड्डमची कीर्तना,
अकरावीतली, कानटोपीतून फक्त नाक बाहेर.

आदल्या रात्री रेवणसिद्धने नाव सांगितलं तेव्हा
मी म्हणालो, कालवा फोडतो?
मग पाटबंधारेवाले पकडतील की त्याला.
तो हसला नाही. कालवं, म्हणाला.
समुद्रात असतात, खडकाला चिकटून, घट्ट मिटलेली.
हा ती चोचीनं उघडतो.
मग समुद्र सोडून हिप्परग्याला कशाला आला
ते त्यालाही सांगता येईना.
समुद्र मी सायझिंगवाल्याच्या कॅलेंडरवर पाहिलाय,
मार्च-एप्रिलच्या पानावर.

तलावाच्या बांधावर वारा असा
की दुर्बिणीआधी डोळेच पुसावे लागले.
ओसरलेल्या पाण्यामागे गाळ, गाळावर
एका चपलेचा पट्टा, तुतवार,
शेकाट्या, पुन्हा शेकाट्या.
दोनदा रेवणसिद्ध "तो बघा" म्हणून उठला,
दोनदा शेकाट्याच निघाला, गुलाबी काड्यांवर उभा,
आपली काय चूक, अशा तोऱ्यात.
थर्मोकोलवर बसून जाळं ओढणाऱ्या एकाला विचारलं.
लाल चोचीचा? काल होता. परवाही.
आज रविवार, म्हणाला तो, आणि पुढे गेला.

नऊ वाजले. अकरा.
कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीत दही कालवलं.
मैनुद्दीन रिक्षात झोपला, पाय बाहेर.
ऊन पाण्यावर आलं की सगळेच पक्षी काळे.
रेवणसिद्धला दुपारी दुकान उघडायचं होतं,
तो दुर्बिणीचं झाकण शोधू लागला.

तेव्हा कीर्तनानं मान वळवली.
वळवण्याआधी तिचा चेहरा बदलला.
मला नेहमी तेच आधी दिसतं,
ऐकणाऱ्याचा चेहरा.

तिच्या बोटाच्या रेषेत,
म्हशींच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यांपलीकडे
काळा-पांढरा, आखूड मानेचा,
आणि चोच
लाल रंगात बुडवून नुकत्याच काढलेल्या धोट्यासारखी,
गाळात आत, बाहेर, आत.
कालवं इथं कुठली? आपल्या तलावातले पातळ शिंपले,
बोटांनीही चुरतील असे.
त्यानं तरी एक उचलला, वळवून पाहिला,
जिथं उघडायचा तिथंच उघडला.

मग चोच वासली, आणि त्यातून
काहीच आलं नाही.

कसा ओरडतो?
शिट्टीसारखा, मामा.
कसली शिट्टी? कुकरची?
नाही हो. ताटावर चमचा पडतो ना, तसा… तसाही नाही.
ती मराठीत शोधत राहिली, मग तेलुगूत,
मग माझं मनगट धरून
दोन बोटांनी वाजवला:
टक्. टक्. जरा थांबून
टकटकटकटक.

माग बिघडला तर मी कधी कान लावला नाही.
फ्रेमवर तळवा ठेवायचो.
कुठला नट ढिला, कुठली दांडी घासते,
हातातून वर यायचं.

तो उडाला. पंखावर पांढरा पट्टा,
पाण्यावर थोडा वेळ तोच पट्टा उलटा.
रेवणसिद्धनं वेळ लिहिली, अकरा बावन्न.
फोटो हलला होता, त्यात
एक तिरकी लाल रेघ आणि बराच गाळ.
तरी तो दर दोन मिनिटांनी काढून पाहत होता.

येताना तुळजापूर नाक्याच्या अलीकडे
मी रिक्षाच्या दांडीवर वाजवून पाहिलं.
टक्. टक्. जरा थांबून
टकटकटकटक.
मैनुद्दीननं कचकन ब्रेक दाबला, मागे वळला.
ओठांवरून कळलं:
इथंच उतरणार का, चाचा?

नाही, म्हणालो. चल तू.